रोबोट जरूर आणा, पण नाल्याच्या तोंडाशी उभा करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

समुद्रातला कचरा आपणहून गोळा करणाऱ्या रोबोटांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आमच्या घरात दोनदा वाचला गेला. आधी मी वाचला. मग माझ्या धाकट्या लेकीने मोठ्याने वाचून दाखवला आणि मला कळल्या नव्हत्या त्या गोष्टी समजावून दिल्या. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी मुंबईतल्या वेसाव्याची, म्हणजे वर्सोव्याची कोळीण, वय ५४. लग्न होऊन मढहून इथे आले, म्हणजे खाडीच्या त्या काठावरून या काठावर. ३२ वर्षं जेट्टीवर मासळी निवडते, सुकवते आणि बाजारात नेऊन विकते. घरची डोलीची होडी आहे.

लेखात बॅटरी होती, कॅमेरा होता, उपग्रहावरून दिशा कशी कळते तेही होतं. भरती-ओहोटी हा शब्द मात्र एकदाही आला नाही. तिथेच मी अडखळले आणि पत्र लिहायला बसले.

डोल म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. डोल हे ओढत न्यायचं जाळं नव्हे. समुद्रात खुंट रोवून, पाण्याच्या वाटेवर तोंड उघडं ठेवून ती बांधलेली असते. तोंड मोठं, मागे निमुळती होत जाते आणि शेवटी बारीक डोळ्यांचा खोला, म्हणजे जाळ्याचीच पिशवी. पाणी धावतं ते आपल्याबरोबर बोंबील, जावळा, करंदी, मांदेली घेऊन येतं आणि खोल्यात सोडतं. पाणी फिरायच्या वेळेला होडी लावून खोला उचलायचा. जाळं ओढायला इंजिन लागत नाही, सगळं काम पाणीच करतं. आमच्या आजा-पणज्यांनी ही युक्ती काढली ती या किनाऱ्याच्या पाण्याला जोर आहे म्हणून.

आता तेच पाणी शहराचा कचरा घेऊन येतं आणि डोल तोही तितक्याच इमानाने धरते.

जेट्टीवर पाटी उलटी केली की पहिल्यांदा मोठा माल बाजूला काढायचा. चिप्सची पाकिटं, गुटख्याच्या आणि शाम्पूच्या पुड्या, डायपर, चपला, थर्माकोल. हे डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, पटपट निघतं. जीव खातात ते दुधाच्या पिशवीचे कोपरे. घरोघर सकाळी पिशवी कापताना कात्रीने उडवलेला तो तिकोनी तुकडा, नखाएवढा. ओला जावळा पांढरट-गुलाबी, आरपार दिसणारा, आणि हा तुकडाही पांढरा. जावळ्याला चिकटून बसला की नजर फसते. तो सापडतो फक्त बोटांना. जावळा बोटाखाली मऊ दबतो, प्लॅस्टिक सरकतं. मी बसते तेव्हा डोळे मिटूनही निवडू शकते, इतकी बोटांना सवय झाली आहे. गेल्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी लेकीने ते तुकडे धुऊन वर्तमानपत्रावर मांडून मोजले. तीन पाट्या जावळ्यात ११२ निघाले. मी म्हटलं, तुझा रोबोट हे उचलील का? ती म्हणाली, “नाही आये. एवढं बारीक त्याला दिसणारच नाही. आणि दिसलं तरी जावळ्यापासून वेगळं काढता येणार नाही.”

एखादा तुकडा सुक्या जावळ्यात राहिला आणि गिऱ्हाइकाच्या चटणीत गेला की ते गिऱ्हाईक पुन्हा माझ्या पाटीपाशी येत नाही. प्लॅस्टिकने जाळ्याचे डोळे बुजले की पाणी आरपार जात नाही, जाळं फुगतं आणि फाटतं. पाऊस सरल्यावर पहिल्या पंधरवड्यात आमच्या मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, निम्मा वेळ जाळं शिवण्यात जातो. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी तुटक्या नायलॉनच्या जाळ्याचा गोळा होडीच्या पंख्यात अडकला. संध्याकाळ झाली होती, वारा उठला होता. माझा थोरला दीर कमरेला दोरी बांधून पाण्यात उतरला आणि सुरीने एकेक पदर कापत राहिला. तो वर येईपर्यंत होडीवर कुणी तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हा समुद्र साफ करणारं यंत्र निघालं असं कुणी सांगितलं, तर त्याला सगळ्यांत आधी हळदकुंकू लावायला मी जाईन.

ते मी खरंच केलं आहे. तीन वर्षांपूर्वी पाऊस संपल्यावर आमच्या खाडीत अशाच एका यंत्राचं प्रात्यक्षिक झालं. आणणाऱ्यांचं नाव लिहीत नाही, कारण माणसं मनापासून काम करणारी होती आणि त्यांना दुखवण्यासाठी हे पत्र नाही. सकाळी साडेसहाची वेळ, भरती पुरी भरलेली, पाणी थांबलेलं. दोन पोटांची छोटी पिवळी होडी, मधे तोंड उघडं, मागे जाळीचा पिंजरा. आत माणूस नाही. ती आपणच फिरत होती, आपणच वळत होती, मचव्याला धडकणार असं वाटलं की बाजूने निघून जात होती. तासाभरात तिने दोन गोण्या भरतील एवढ्या बाटल्या आणि पिशव्या गोळा केल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी नारळ फोडला.

मग पाणी फिरलं. त्या दिवशी अष्टमी होती, म्हणजे भांगाचं, मवाळ पाणी. तरी ओहोटी लागल्यावर अर्ध्या तासात त्या यंत्राचं बळ कमी पडू लागलं. आपल्याला कुठे परतायचं आहे हे त्याला ठाऊक होतं. तिकडे तोंड करून ते जोर लावत होतं आणि तसंच मागे मागे जात होतं. शेवटी मढच्या बाजूच्या गाळात जाऊन रुतलं. तिथे मांडीभर चिखल आहे. माझ्या पुतण्याने फळी टाकून, तिच्यावर पोटावर सरकत जाऊन त्याला दोरी बांधली आणि पोरांनी ओढून आणलं.

यंत्र रुतलं याचं मला एवढं वाटलं नाही. नवी होडीही पहिल्यांदा रुतते. मला लागलं ते पुढचं. गोळा केलेल्या दोन गोण्या जेट्टीच्या कोपऱ्यात ठेवल्या. त्या न्यायला गाडी येणार होती, ती आली नाही. आम्ही दोनदा फोन केले. आठवड्याने पौर्णिमा आली, उधाणाचं पाणी जेट्टीवर चढलं आणि दोन्ही गोण्या परत खाडीत गेल्या. त्यातलं काही पुन्हा आमच्याच डोलीत आलं असणार.

लेकीने त्यानंतर मला जगातल्या बऱ्याच यंत्रांची माहिती दिली. सगळी लिहीत बसत नाही, पण दोन-तीन गोष्टी आपल्या वाचकांपर्यंत जाव्यात असं वाटतं.

नेदरलँडच्या बोयान स्लाट या तरुणाने २०१३ मध्ये समुद्र साफ करणारी संस्था काढली, ‘द ओशन क्लीनअप’. २०१८ च्या सप्टेंबरात त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून ६०० मीटर लांबीची तरंगती नळी पॅसिफिक महासागरात नेली. खाली झालर लावलेली. वारा आणि लाटा तिला ढकलतील, ती प्लॅस्टिकपेक्षा जोरात चालेल आणि कचरा तिच्या कुशीत जमेल, माणसाची गरज नाही, असा विचार होता. कचरा आत यायचा आणि पुन्हा निसटून जायचा. कारण नळीही त्याच पाण्यावर, जवळजवळ त्याच वेगाने चालली होती. डिसेंबराच्या शेवटी तिचं १८ मीटरचं टोक तुटलं आणि ती हवाईला ओढून न्यावी लागली. हे ऐकून आमचे मालक म्हणाले, पाण्याबरोबर वाहणारं जाळं मासा धरत नाही, पाण्यासमोर उभं राहिलेलं धरतं. त्या माणसांनी हार मानली नाही, हे मला फार मोठं वाटतं. पुढे त्यांनी सव्वादोन किलोमीटर लांबीचं जाळं दोन जहाजांनी ओढलं आणि त्यात खरंच कचरा आला. पण त्यासाठी जहाज, इंधन आणि खलाशी लागले. आपोआप काही होत नाही.

त्याच संस्थेने २०१९ मध्ये दुसरी वस्तू दाखवली. नदीत नांगरून ठेवलेला तराफा, वर सौरऊर्जेचे पत्रे. पाण्यात तिरका तरंगता अडसर लावलेला, त्याला घासत कचरा तराफ्याच्या तोंडाशी येतो, तिथून पट्ट्यावर चढतो आणि आतल्या पेट्यांत पडतो. पेट्या भरल्या की यंत्र स्वतःच निरोप पाठवतं. मलेशियातल्या क्लांग नदीत असा तराफा बसवला. लेकीने त्याचं चित्र दाखवलं तेव्हा मी तिला म्हटलं, अगं ही तर डोलच झाली. पाण्याच्या वाटेवर तोंड करून बांधायची आणि पाण्यालाच काम करू द्यायचं. फरक एवढाच की ती समुद्रात बांधलेली नाही, कचरा समुद्रात शिरण्याआधीच्या वाटेवर बांधली आहे.

जागा हीच बरोबर आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं मांडलं होतं की नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी ८० टक्के प्लॅस्टिक जगातल्या हजाराहून थोड्या अधिक नद्या आणतात, आणि त्यात मोठ्या शहरांतून जाणाऱ्या लहान नद्याच जास्त आहेत. आपली उल्हास नदी त्या यादीत अगदी वर आहे. मुंबईकरांनी हे वाचून क्षणभर थांबावं. आपल्याकडे मिठी, ओशिवरा, दहिसर, पोयसर या नद्यांना लोक नाले म्हणतात. पाणी मात्र त्यांना नदीच समजतं आणि सगळं समुद्रात आणून टाकतं.

पाण्याखालून कचरा उचलणारे रोबोटही आहेत. युरोपात २०२० मध्ये ‘सीक्लिअर’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. वर होडी, आकाशात ड्रोन, पाण्याखाली एक रोबोट शोधणारा आणि एक उचलणारा. क्रोएशियात डुब्रोव्निकला आणि जर्मनीत हॅम्बुर्ग बंदरात त्याच्या चाचण्या झाल्या. डुब्रोव्निकचं पाणी मी व्हिडिओत पाहिलं, तळाचा दगड न् दगड दिसतो. आमच्या खाडीत कोपरापर्यंत हात घातला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. इथे कॅमेऱ्याच्या भरवशावर चालणाऱ्या यंत्राने काय शोधायचं? ज्यांना असं काही आणायचं आहे त्यांनी आधी आमच्या पाण्यात, आमच्या गाळात, ऐन उधाणाच्या दिवशी ते उतरवून पाहावं.

छोट्या तरंगत्या रोबोटांना मी नावं ठेवत नाही. रॉटरडॅमच्या कंपनीचा ‘वेस्टशार्क’ आहे, त्याच्या पोटात साधारण १६० लिटर कचरा मावतो. म्हणजे आमच्या दारातल्या पाण्याच्या निळ्या ड्रमपेक्षा थोडा कमी. हाँगकाँगमध्ये शिकलेल्या भारतीय तरुणांनी केलेली ‘क्लिअरबॉट’ ही होडी मेघालयात उमियमच्या तलावात चालली. तलावात, गोदीत, बंदाऱ्याच्या आत, जिथे पाणी थांबलेलं असतं तिथे अशी यंत्रं चांगली. ससून डॉकच्या आत मचव्यांच्या फटींत जो कचरा साचतो तो काढायला माणूस उतरतो तेव्हा त्याच्या पायाला काच लागते, सुई टोचते. गळ्यापर्यंत नाल्यात उतरून गाळ काढणारे हात मी पाहिले आहेत. त्या जागी यंत्र उद्याच आलं पाहिजे. मोकळ्या समुद्रात सोडायला मात्र ती फार लहान आहेत.

आणखी एक गोष्ट त्या लेखात नव्हती. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर निळ्या बाटल्या नावाचे जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव येतात, त्यांच्याबरोबर बटणासारखे निळे गोल जीवही येतात. ते पोहत नाहीत, पाण्याच्या वरच्या थरावर तरंगतात. तिवरांच्या मुळांशी कोळंबीची आणि माशांची पिल्लं वाढतात, तीही नखाएवढी. वरचा थर सरसकट गिळणारं यंत्र त्यांना सोडणार नाही. म्हणून यंत्राने तिवरांच्या आत शिरू नये आणि त्याच्या पिंजऱ्यात कचऱ्याबरोबर काय काय आलं हे रोज कुणीतरी उघडून पाहावं. ‘कुणीतरी’ म्हणजे ज्याला पिल्लू ओळखता येतं असं माणूस. वेसाव्यात अशा बाया प्रत्येक गल्लीत आहेत.

आता माझं मागणं सांगते.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात. नेमक्या त्याच दिवसांत पाऊस वर्षभराचा कचरा नाल्यांतून खाडीत लोटतो आणि साडेचार मीटरच्या भरतीला मरीन ड्राइव्हवर तो परत फेकला गेला की वर्तमानपत्रांत फोटो येतात. महापालिकेने काही नाल्यांवर तरंगते अडसर लावले आहेत, ते चांगलं आहे. त्यांच्या जोडीला नाल्याच्या तोंडाशी नांगरलेली यंत्रं बसवा आणि ती चालवायला कोळीवाड्यातली पोरं घ्या. त्यांना त्या दोन महिन्यांत हाताला काम नसतं. नांगर कुठे धरतो आणि कुठे सुटतो हे त्यांना कळतं. आज पाणी किती वाजता फिरणार हे त्यांना तिथीवरून सांगता येतं, त्यासाठी मोबाइल उघडावा लागत नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी कुणी आमच्या पोरांना आधी विचारलं असतं तर यंत्र सव्वासातलाच बाहेर काढलं असतं. माझ्या लेकीसारखी यंत्र जाणणारी मुलंही आता कोळीवाड्यात आहेत. दुरुस्तीला बाहेरून माणूस येईपर्यंत यंत्र पडून राहायला नको.

दुसरं मागणं आमच्या डोलीचं. समुद्रात आधीच जाऊन पडलेलं प्लॅस्टिक आणायला सध्या या किनाऱ्यावर आमच्याइतकी मोठी यंत्रणा कुणाकडे नाही. आम्ही ते रोज वर आणतो, फुकट. काही होड्या ते पुन्हा पाण्यात टाकतात, हे मी लपवणार नाही. मासळीच्या जागेत कचरा भरून आणायचा आणि जेट्टीवर तो घ्यायला कुणी नाही, मग खलाशी काय करणार? केरळने यावर वाट काढली. २०१७ मध्ये कोल्लम जिल्ह्यात नींदकरा बंदरावर ‘शुचित्व सागरम्’ सुरू झालं. होड्यांना पिशव्या दिल्या, जाळ्यात आलेलं प्लॅस्टिक बंदरावर उतरवून घेतलं, ते धुवायला आणि निवडायला कोळी समाजातल्या बायांना काम दिलं, आणि त्याचा चुरा रस्त्याच्या डांबरात घातला. पहिल्या दहा महिन्यांत २५ टन प्लॅस्टिक आलं. त्यात कुठलाही रोबोट नव्हता.

आपल्या सरकारलाही अशी सवय नवीन नाही. कासव किंवा दुसरा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि त्याला सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं, तर २०१८ पासून महाराष्ट्रात २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो द्यावा लागतो. तेव्हापासून आमच्याकडची पोरं कासव दिसलं की आधी मोबाइल काढतात आणि मग सुरी, पण कासव वाचतं. प्लॅस्टिकलाही किलोमागे दर ठरवा. भंगारवाला बाटली घेतो, पुड्या आणि तुकडे घेत नाही. दर लागेल तो त्यांनाच लागेल.

आमच्या किनाऱ्यावर मुंबईचे वकील अफरोज शाह यांनी २०१५ च्या ऑक्टोबरात सफाई सुरू केली तेव्हा काही रविवारी मीही गेले होते. वाळूत पुरलेल्या पिशव्या ओढून ओढून दुसऱ्या दिवशी खांदे भरून यायचे. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे गेली. हातांनी इतकं होतं. पण प्रत्येक पावसात किनारा पुन्हा भरतो, कारण नाले उघडे आहेत. २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडालं आणि प्लॅस्टिकचे पांढरे दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले, ते लोकांनी वाळू चाळून चाळून काढले. एवढ्या बारीक कचऱ्याला शेवटी माणसाचे हातच लागतात. म्हणून मोठं असेल तेव्हाच, नाल्याच्या तोंडाशीच पकडलं पाहिजे. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, पिशवीलाच लटकत ठेवा, एवढं तर आपले वाचक उद्या सकाळपासून करू शकतात. माझी बोटं त्यांना दुवा देतील.

शेवटी त्या दोन गोण्यांबद्दल. यंत्र कोणतंही आणा, कितीही हुशार आणा, त्याच्या कंत्राटात गोळा केलेला कचरा त्याच दिवशी कुठे जाणार, कोणती गाडी नेणार, हे आधी लिहा आणि ती वेळ जेट्टीवरच्या फळ्यावर आम्हाला वाचता येईल अशी लावा. आम्ही बाया पहाटे चारपासून तिथेच असतो. गाडी आली की नाही ते आम्ही लिहून ठेवू. कचरा तोलायला वेगळा काटाही आणायला नको, मासळीचा आहे तो चालेल.

आपली नम्र,
एक कोळीण
वेसावे, मुंबई